छोटी लाईन आणि मोठे शहर

रायपूरचा गोल बाजार हा त्या शहराचा जुना मध्य. मालवीय रोड आणि सदर बाजार यांच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत मसाले, भांडी, पूजेचे साहित्य, लग्नाची खरेदी असे सर्व काही मिळते. माणसाला जन्मापासून मरणापर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू गोल बाजारात मिळते, असे रायपूरकर अभिमानाने सांगतात. अशा जुन्या बाजारांत पक्क्या दुकानांच्या आधाराने दुसरा एक बाजार रोज भरत असतो. जमिनीवर फडके अंथरून त्यावर भाजी, फळे, पानसुपारी मांडून बसणाऱ्या स्त्रियांचा. छत्तीसगढीत या मांडणीला 'पसरा' म्हणतात. पसऱ्यावर बसणाऱ्या बाईकडून नगरपालिका 'बैठकी' घेते, म्हणजे शासनाच्या एका तरी वहीत तिची नोंद असते. परंतु ती बाई रोज पहाटे कोठून येते, टोपलीसह कोणत्या वाहनाने येते आणि संध्याकाळी कशी परत जाते, हा प्रश्न नगरविकासाच्या आराखड्यांत क्वचितच विचारलेला आढळतो.

रायपूरपुरते या प्रश्नाचे एक उत्तर शंभराहून अधिक वर्षे 'छोटी लाईन' हे होते. रायपूरहून तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूरमार्गे धमतरीला आणि अभनपूरहून राजिमला जाणारा हा अडीच फुटी रेल्वेमार्ग. रेल्वेच्या दफ्तरात ही एक शाखा होती. प्रत्यक्षात शहराच्या आग्नेयेकडील गावांची ती उपनगरी रेल्वे होती. तिचा इतिहास आणि तिच्या शेवटाची हकीकत प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

बैलगाडीचे अंतर

मराठी वाचकाला रायपूर परके वाटण्याचे कारण नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात शिरली आणि रतनपूरच्या हैहयवंशी राजाची सत्ता ढासळली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदार आले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले, आणि आजच्या राजधानीचा पाया तेथे घातला गेला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहूनच चालला. कारकून, वकील, शिक्षक म्हणून गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच स्थिरावली. १९३५ मध्ये स्थापन झालेले तेथील महाराष्ट्र मंडळ त्याची साक्ष देते.

मात्र नागपूर आणि रायपूर यांच्यामधील अंतर कागदावर जेवढे कमी वाटे तेवढे प्रत्यक्षात नव्हते. १८७७ मध्ये कलकत्त्याच्या विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब रायपूरला राहावयास आले. त्यांच्याबरोबर चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद होते. त्या वेळी आगगाडी नागपूरपर्यंतच होती. तेथून पुढचा जंगलातला प्रवास बैलगाडीने करावा लागला आणि त्याला पंधरवड्याहून अधिक काळ लागला. विवेकानंदांच्या चरित्रांत हा प्रवास एका आध्यात्मिक अनुभवासाठी प्रसिद्ध आहे. प्रशासकाने त्यातील पंधरा दिवसांकडेही लक्ष द्यावे. ज्या प्रदेशात धान्य पोहोचावयास पंधरा दिवस लागतात, त्या प्रदेशात पाऊस चुकला तर काय होते, हे १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने देशाला दाखवून दिले.

त्या दुष्काळानंतरच, १८७८ मध्ये, नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचे काम सुरू झाले. सुमारे २४० किलोमीटरचा हा मीटरगेज मार्ग १८८० च्या अखेरीस राजनांदगावपर्यंत पोहोचला. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग पुढील वर्षी विकत घेतला, त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले आणि १८९१ पर्यंत तो रायपूर-बिलासपूरवरून आसनसोलपर्यंत नेला. रायपूर आता मुंबई आणि बंगाल यांना जोडणाऱ्या मुख्य मार्गावरचे स्थानक झाले.

येथे एका शासकीय संज्ञेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारी बांधकामांची विभागणी 'उत्पादक' आणि 'संरक्षक' अशा दोन शीर्षांखाली होऊ लागली. उत्पादक कामाकडून भांडवलावर व्याज सुटेल अशी अपेक्षा असे. संरक्षक कामाकडून तशी अपेक्षा नसे. दुष्काळात माणसे मरू नयेत, हाच त्याचा परतावा मानला जाई. परकीय सरकारचा हिशेब उदार होता असे म्हणण्याचा माझा हेतू नाही, कारण याच रेल्वेने दुष्काळी मुलखातून धान्य बाहेरही नेले. परंतु नफ्याखेरीज दुसरेही एक प्रयोजन असू शकते, याची नोंद करण्यासाठी त्या जमाखर्चात निदान एक रकाना होता, एवढे मान्य करावे लागते.

अडीच फुटांचा रूळ

१८९६-९७ आणि लगोलग १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी छत्तीसगढ पिळून निघाले. याच काळात रायपूर-धमतरी मार्ग बांधला गेला आणि १९०० च्या सुमारास तो सुरू झाला. रायपूरपासून धमतरीपर्यंत सुमारे ४६ मैल आणि अभनपूरपासून राजिमपर्यंत सुमारे १० मैल, एवढा त्याचा विस्तार. रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मुख्य मार्गाच्या साडेपाच फुटांच्या निम्म्याहूनही कमी.

हा अडीच फुटांचा रूळ महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये याच मापावर सुरू झाली आणि वऱ्हाडातील मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला'ही याच मापाची. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, वळणे तीव्र घेता येतात, रूळ हलके चालतात आणि पूल लहान पुरतात. जेथे मोठ्या रेल्वेचा खर्च परवडणार नाही तेथे निदान छोटी तरी न्यावी, हा त्यामागचा विचार होता. त्याची किंमतही होती. छोट्या वाघिणीतून आलेला माल रायपूरला उतरवून मोठ्या वाघिणीत भरावा लागे आणि प्रत्येक पोत्यावर हमालीचा खर्च चढे.

तरीही धमतरीला या मार्गाने व्यापाराचे गाव केले. महानदीच्या खोऱ्यातला तांदूळ, जंगलातील लाख, हिरडा आणि इमारती लाकूड धमतरीला जमा होऊन रायपूरकडे येऊ लागले. धमतरीच्या दक्षिणेस कांकेर आणि त्यापलीकडे बस्तर. बस्तरमध्ये लोहखनिजासाठी रेल्वे पोहोचली ती १९६० च्या दशकात, आणि तीही विशाखापट्टणमच्या बाजूने. तोपर्यंत रायपूरकडून बस्तरच्या वाटेला लागणाऱ्याला रेल्वेचे शेवटचे टोक धमतरी हेच होते. राजिमचा फाटा मात्र भाविकांचा. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर आहे आणि माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तेथे मोठी यात्रा भरते.

म्हणजे प्रारंभी ही लाईन धान्यासाठी, वनोपजासाठी आणि यात्रेसाठी होती. उपनगरी हा शब्द तिला लागू नव्हता, कारण रायपूरला उपनगरेच नव्हती.

तेलीबांधा

उपनगर आणि उपनगरी स्थानक यांपैकी आधी काय येते, याचे उत्तर मुंबईत शोधले तर बहुधा 'स्थानक' असे मिळेल. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा वाटेतील भांडुप-मुलुंड ही खेडी होती. रायपुरात तेलीबांध्याचे असेच झाले. तेलीबांधा म्हणजे शहराच्या पूर्वेस, नागपूरकडून संबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा एक तलाव आणि त्याच्या काठची वस्ती. छोट्या लाईनीवरचे येथले स्थानक शहराबाहेरचे मानले जाई. शहर वाढत गेले, पंडरी, देवेंद्रनगर, शंकरनगर या वसाहती लाईनीच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि तेलीबांधा शहराच्या पोटात आले. रस्त्यांचा माल ट्रकांनी उचलला, त्यामुळे छोट्या लाईनीची मालवाहतूक आटली. गाडीत उरली ती माणसे, आणि तीही रोजची.

ही रोजची माणसे कोण होती, हे अशा कोणत्याही गाडीच्या सकाळच्या फेरीत दिसत असे. भाजीच्या टोपल्या घेतलेल्या पसरावाल्या, दुधाचे डबे, सायकली, महाविद्यालयात जाणारी मुले, कचेरीतील शिपाई, आणि बांधकामावर जाणारे 'रेजा-कुली', म्हणजे मजूर स्त्रिया व पुरुष. रायपुरात मजुरांच्या रोजच्या बाजाराला 'चावडी' म्हणतात. सकाळी वेळेत चावडीवर उभे राहिले तर त्या दिवसाचे काम मिळते. उशीर झाला तर दिवस रिकामा जातो. या माणसांच्या दृष्टीने गाडीची वेळ म्हणजे रोजंदारीचीच वेळ होती.

स्थानकाच्या सेवा म्हणाव्यात तर त्या अगदी साध्या. एक ठेंगणा फलाट, तिकिटाची खिडकी, सावलीपुरते छप्पर, पाण्याचा नळ. धमतरीपर्यंतच्या सुमारे ७४ किलोमीटरना तीन तासांहून अधिक वेळ लागे. पण या गाडीत तीन सोयी अशा होत्या की ज्यांची नोंद सेवांच्या यादीत कोणी केली नाही. पहिली, भाडे बसच्या तुलनेत फारच कमी होते. दुसरी, टोपली आणि सायकल गाडीत चढवता येत होती. तिसरी, गाडी शहराच्या कडेला सोडून न देता थेट आत आणत होती. मुंबईच्या लोकलमध्ये सामानाचा स्वतंत्र डबा असतो आणि वसई-विरारकडच्या भाजीवाल्या त्याच्या आधारावर आपला संसार चालवतात. दादरचा फुलबाजार स्थानकाला खेटून उभा आहे तो उगाच नव्हे. रायपूरची पसरावाली आणि वसईची भाजीवाली या एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांवर होत्या. फरक एवढाच, की वसईच्या बाईच्या गाडीला सरकार 'उपनगरी' म्हणत होते.

रकान्यांचे राज्य

हा फरक केवळ शब्दाचा नाही. भारतीय रेल्वेच्या आकडेवारीत प्रवाशांचे उपनगरी आणि बिगर-उपनगरी असे दोन वर्ग आहेत. उपनगरी म्हणून घोषित झालेले मार्ग प्रामुख्याने मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा महानगरांभोवतीचे. कोरोनापूर्व काळात देशातील एकूण रेल्वे प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक या मोजक्या मार्गांवरचे होते. उपनगरी सेवाही तोट्यात चालते. परंतु तिचा तोटा महानगराच्या अर्थव्यवस्थेसाठी सोसावयाचा असतो, हे सर्वांना मान्य असते. मुंबईच्या लोकलला तोटा होतो म्हणून ती बंद करा, असे कोणीही म्हणत नाही.

छोट्या लाईनीचा तोटा मात्र दुसऱ्या रकान्यात पडला. १९६९ मध्ये रेल्वेने अलाभकर शाखामार्गांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. नंतरच्या समित्यांनीही अशा मार्गांच्या बंदीच्या शिफारशी केल्या आणि राज्य सरकारांनी त्यांना वेळोवेळी विरोध केला. १९९२ पासून एकाच गेजचे धोरण आले आणि छोट्या मार्गांपुढे दोनच पर्याय उरले : ब्रॉडगेज व्हावे, नाहीतर बंद व्हावे. १८८० च्या आयोगानंतर मिळालेला 'संरक्षक' हा रकाना केव्हाच पुसला गेला होता. 'उपनगरी' हा रकाना रायपूरला मिळाला नाही. उरला तो 'अलाभकर'.

या शब्दाचे वजन मला अनुभवाने ठाऊक आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुर्गम भागातील प्रवासी फेरी तोट्यात असल्याने बंद करण्याबाबत माझा अभिप्राय मागविला होता. तिकिटांचे उत्पन्न आणि इंधनाचा खर्च एवढे दोनच आकडे कागदावर होते आणि ते निर्विवाद होते. मी 'हरकत नाही' असे लिहून सही केली. दोन-तीन महिन्यांनी त्या भागातील शाळेला भेट देण्याचा योग आला. आठवीच्या वर्गातील मुलींची बाके निम्मी रिकामी होती. मुख्याध्यापकांनी तक्रार केली नाही. फक्त, "साहेब, गाडी बंद झाली ना," एवढेच म्हणाले. माझ्यासमोरच्या कागदात चूक काहीच नव्हती. त्यात मुलींचा रकाना नव्हता, इतकेच. आणि तो मी मागितला नव्हता.

राजधानी येते

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाली. २००३ मध्ये बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय सुरू झाले आणि रायपूर रेल्वेचा विभाग झाला. जुन्या शहराच्या आग्नेयेस, विमानतळाच्या पलीकडे, नवे रायपूर वसवण्याचे ठरले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मंत्रालय तेथे हलले. हजारो कर्मचारी रोज जुन्या शहरातून नव्या शहराकडे जाऊ लागले.

येथे नकाशा पाहावा. तेलीबांधा, माना, केंद्री : छोटी लाईन जुन्या शहराच्या आतून निघून नव्या शहराच्या पश्चिम कडेने जात होती. ज्या दिशेला राजधानी वाढवावयाची होती, त्याच दिशेला १९०० पासून रेल्वेची अखंड पट्टी अस्तित्वात होती. दाट वस्तीतून अशी पट्टी आज नव्याने संपादित करावयाची म्हटले तर किती खटले, किती मोबदला आणि किती वर्षे लागतील, हे भूसंपादनाचे काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको.

तरीही ही पट्टी रस्त्यासाठी गेली. २०१७ च्या उन्हाळ्यापर्यंत रायपूर ते केंद्री हा भाग कायमचा बंद झाला, रूळ उखडले गेले आणि त्या जागेवर रायपूर स्थानकापासून शदाणी दरबारपर्यंत सुमारे १२ किलोमीटरचा चौपदरी द्रुतगती मार्ग बांधला गेला. त्याला 'अटल पथ' असे नाव आहे. काही काळ छोटी गाडी केंद्रीपासून पुढे धावत राहिली आणि नंतर तीही थांबली.

या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शहरातील रेल्वे फाटकांमुळे मोठ्या रस्त्यांवर वाहने खोळंबत होती. रुळालगत अतिक्रमणे झाली होती. जुने डबे, मंद वेग आणि मोजक्या फेऱ्या यांच्या बळावर ही गाडी राजधानीची गरज भागवू शकली नसती. ब्रॉडगेज शहरातून न्यावयाचे तर तीव्र वळणे सरळ करणे आणि फाटकांच्या जागी पूल बांधणे आवश्यक होते, आणि तो खर्च मोठा होता. रस्त्याने स्थानक आणि विमानतळाकडील भाग जवळ आले, हेही खरे. तेव्हा येथे कोणी खलनायक नाही. छोटी गाडी जशी होती तशी टिकवावयास हवी होती, असेही माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. गाडी आणि पट्टी या दोन भिन्न गोष्टी आहेत. गाडी जुनी झाली तर बदलता येते. पट्टी एकदा सोडली की परत मिळत नाही. छोट्या लाईनीच्या बाबतीत गाडीचे वय झाले होते आणि आपण पट्टीला निवृत्त केले.

वळसा घालून आलेली गाडी

पुढील काही वर्षांत रेल्वे परत आली. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांनी बिलासपूरच्या कार्यक्रमात रायपूर-अभनपूर मेमू गाडीला झेंडा दाखवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सेवा राजिमपर्यंत वाढली. धमतरीपर्यंतचे ब्रॉडगेज रूपांतर हाही याच कामाचा भाग. मार्ग रुंद, गाडी विजेची, वेग आणि क्षमता कितीतरी अधिक. नव्या रायपूरला स्वतःची स्थानके मिळाली. अभनपूर आणि राजिमच्या लोकांनी या गाडीचे मनापासून स्वागत केले, आणि ते योग्यच होते.

परंतु ही गाडी रायपूरहून निघते ती पूर्वेकडे महासमुंदच्या मार्गाने मंदिर हसौदला जाते आणि तेथून दक्षिणेस वळून नव्या शहरातून केंद्री-अभनपूर गाठते. पंडरी, शंकरनगर, तेलीबांधा यांच्या वाटेला ती येत नाही. म्हणजे गावे पुन्हा रायपूर स्थानकाशी जोडली गेली, पण शहराच्या आतली स्थानके गेली ती गेलीच. अभनपूरची बाई पूर्वी तेलीबांध्याला उतरत असे. आता ती मुख्य स्थानकावर उतरेल आणि तेथून टोपली घेऊन रिक्षा शोधेल. रिक्षाचे भाडे रेल्वेच्या भाड्याहून अधिक असते, हे प्रत्येक शहरात खरे आहे.

मधल्या वर्षांचा हिशेबही मांडावा लागेल. रायपूर-केंद्री भाग बंद झाल्यापासून मेमू सुरू होईपर्यंत जवळजवळ आठ वर्षे गेली. या काळात रोजच्या प्रवाशांनी काय केले? काहींनी बस धरली, काहींनी कर्ज काढून दुचाकी घेतली, काहींनी शहरात येणेच सोडले असेल. आठ वर्षे म्हणजे एका मुलीचे पाचवीपासून बारावीपर्यंतचे सारे शिक्षण. बांधकामाच्या वेळापत्रकात हा 'संक्रमणकाळ' असतो. कुटुंबाच्या आयुष्यात तो तेवढाच काळ असतो.

शहराच्या पश्चिमेकडे पाहिले म्हणजे काय गमावले ते अधिक स्पष्ट होते. रायपूर ते दुर्ग हे सुमारे ३७ किलोमीटरचे अंतर. त्यावर सरस्वतीनगर, सरोना, कुम्हारी, भिलाई अशी स्थानके आहेत. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये उत्पादन करू लागला आणि या पट्ट्यात रोजचे येणेजाणे वाढत गेले. आज सरस्वतीनगरच्या स्थानकावर विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थी उतरतात. हेही कागदोपत्री उपनगरी स्थानक नाही. ते टिकले याचे कारण एवढेच, की ते मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे आणि तो मार्ग कोणीही उखडणार नाही. पश्चिमेच्या प्रवाशाला मुख्य मार्गाचे संरक्षण मिळाले, पूर्वेच्या प्रवाशाला ते मिळाले नाही. गरज दोघांची सारखीच होती.

आपल्याकडे

हा प्रश्न रायपूरचा एकट्याचा नाही. लातूरला बार्शी लाईटचे स्थानक भर वस्तीत होते. ब्रॉडगेज आले तेव्हा नवे स्थानक गावाबाहेर गेले, आणि जुन्या मार्गाची आठवण 'जुनी रेल्वे लाईन' अशी पत्त्यांत उरली. वऱ्हाडातील शकुंतला थांबली आहे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. नागपूर-नागभीडची २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद झाली. प्रत्येक ठिकाणी शहराच्या किंवा गावाच्या आत शिरणारी एक अरुंद, अखंड, सरकारी मालकीची पट्टी आहे किंवा होती. अशा पट्ट्यांचे पुढे काय करावयाचे, याचा निर्णय बहुधा मार्ग बंद झाल्यावर, अतिक्रमणे वाढल्यावर आणि रस्त्याची मागणी जोर धरल्यावर घेतला जातो. तेव्हा निवड करावयास फारसे काही उरलेले नसते.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शहरातून जाणारी रेल्वेची पट्टी कोणत्याही कारणाने रिकामी झाली तर विकास आराखड्यात ती सार्वजनिक वाहतुकीसाठी आरक्षित करावी. रस्ता करावयाचाच असेल तर त्यातील दोन मार्गिकांची रुंदी भावी रेल्वे, ट्राम किंवा केवळ बससाठी राखून ठेवावी. दुसरी, मार्ग बंद राहण्याच्या काळात त्याच थांब्यांवरून, त्याच वेळांना आणि शक्यतो त्याच भाड्यात पर्यायी बस देण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. जमीनमालकाला मोबदला मिळतो. प्रवाशाचे जे जाते त्याला आपण अजून काही नावही दिलेले नाही. तिसरी, नव्या स्थानकाची जागा ठरवताना जवळचा बाजार आणि मजुरांचा नाका किती अंतरावर आहे, हे पाहावे. वाहनतळ किती मोठा होईल हे आपण आजही पाहतोच.

आणि या सर्वांच्या आधी एक साधे काम. सेवा बंद करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला एक जास्तीचे पान जोडावे. एका आठवड्यात या सेवेने किती माणसे आली, कोणत्या गावांहून आली, त्यांच्याबरोबर काय ओझे होते, ती कोठे गेली आणि उद्यापासून ती कशी जातील, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे त्या पानावर असावीत. त्यासाठी सल्लागार नेमावयास नको. दोन तलाठी आणि दोन शिक्षक आठवडाभर फलाटावर उभे राहिले तरी पुरे. पान वाचूनही सेवा बंद करण्याचा निर्णय होऊ शकतो, आणि कधीकधी तोच योग्य असेल. पण सही करणाऱ्याला आपण काय बंद करीत आहोत हे ठाऊक असेल. माझ्यासमोर ते पान आले नव्हते. आज कोणाच्या तरी टेबलावर असाच एखादा प्रस्ताव असेल, तर त्याने ते मागवून घ्यावे.